मोचे लोकांचीं प्राणिरूप मृत्पात्रें

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारें इ. स. १०० ते ८०० या काळांत मोचे संस्कृति नांदत होती. त्या लोकांस लिपि ठाऊक नव्हती. म्हणून बखर, शिलालेख, ताम्रपट यांपैकीं एकहि साधन त्यांच्या इतिहासास नाहीं. त्यांच्या थडग्यांतून निघालेलीं मातीचीं भांडीं हेंच त्यांचें मुख्य दफ्तर होय. तें कसें वाचावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम घडण पाहूं. कुंभाराचें चाक त्या प्रदेशांत नव्हतें. मोचे कारागीर बहुधा साच्याच्या दोन अर्धांत माती दाबून तीं अर्धुकें जोडीत आणि वर रिकिबीसारखी वांकलेली पोकळ नळी बसवून तिच्या माथ्यावर तोटी काढीत. घुबड, वटवाघूळ, हरिण, समुद्रसिंह, लामा, बेडूक, खेकडा असे अनेक प्राणी या पात्रांत अवतरले आहेत. राफाएल लार्को ओइले यांनीं १९४८ मध्यें तोटीच्या घडणीवरून पांच कालखंड ठरविले. तो क्रम सर्व खोऱ्यांस सारखा लागू पडत नाहीं, असें पुढें दिसून आलें; तथापि आरंभ त्यांचाच.

आतां अर्थाकडे वळूं. हीं पात्रें म्हणजे नित्य व्यवहाराचीं चित्रें, अशी समजूत पूर्वीं रूढ होती. हरिणाचें उदाहरण घेतां ती टिकत नाहीं. या लोकांचा मांसाहार मुख्यत्वें मासे, शिंपल्यांतील जीव व लामा यांचा. परंतु पात्रांवरील मृगयेंत भरजरी पोषाखाचे सरदार दिसतात. कित्येक पात्रांत तर हरिण मनुष्याप्रमाणें बसलेलें असून त्याच्या गळ्यांत कैद्याचा दोर आहे. अर्थात् येथें हरिण हें भक्ष्य नसून युद्धांत धरलेल्या व बळी जाणाऱ्या बंदिवानाचें प्रतिरूप आहे. क्रिस्टोफर डॉनन यांनीं अशा शेंकडों पात्रांची तुलना करून, हे सर्व प्रसंग थोड्याच ठराविक विधींचे आहेत, असें प्रतिपादिलें.

केवळ चित्रांवर उभारलेलें हें अनुमान प्रत्यक्ष पुराव्यानें दृढ झालें. १९८७ च्या आरंभीं सिपान येथील टेकाडांत चोरट्यांनीं एक थडगें फोडलें व त्यांतील सोनें बाजारांत गेलें. त्यानंतर वाल्तेर आल्वा यांनीं त्याच टेकाडांत रीतसर उत्खनन करून एका अधिपतीचें अभंग थडगें उघडलें. त्याचा साज बलिविधीच्या चित्रांतील मुख्य पुरुषाच्या साजाशीं जुळला. १९९१ मध्यें सान होसे दे मोरो येथें त्याच विधींतील पुजारिणीच्या साजाची स्त्री निघाली.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. चोरट्यांनीं काढलेलें सोनें व आल्वांनीं काढलेलें सोनें एकाच टेकाडांतलें. परंतु दुसऱ्यानें इतिहास सांगितला, कारण तें कोणाच्या देहावर, कोणत्या जागीं होतें याची नोंद झाली. पहिल्याची साक्ष बव्हंशीं बुडाली. बाजारांतून संग्रहालयांत आलेल्या असंख्य मोचे पात्रांची हीच गति आहे. आमच्या संग्रहींहि कांहीं सुटीं मोडी पत्रें आहेत. घेतांना अक्षर सुंदर म्हणून घेतलीं. तीं कोणत्या रुमालांतून सुटलीं, हें आम्हीं विचारिलें नाहीं. विकणारा आतां हयात नाहीं, आणि पत्रें मुकीं आहेत. हा दोष आमचाच. वस्तु हातीं येतांच प्रथम तिचें स्थल टिपावें, मग तिचें सौंदर्य पाहावें, अशी आमच्या संग्राहक बंधूंस विनंति आहे.