टिकटिकीची हजेरी

एमआयटीतल्या टर्मिनलवर १९६०च्या दशकात एखादी कमांड पुरी झाली की कागदावर एक ओळ उमटायची: 'आर' हे अक्षर, आणि पुढे अधिकचिन्हाने जोडलेले दोन आकडे. पहिला आकडा प्रोसेसरने खर्च केलेल्या सेकंदांचा, दुसरा प्रोग्राम मेमरीत आणण्या-नेण्याच्या वेळेचा. फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये आयबीएम ७०९वर दाखवलेल्या सीटीएसएस या प्रणालीची ही रीत. एकच महागडे यंत्र अनेकांनी वाटून घ्यायचे म्हटल्यावर कोणी किती वापरले याचा हिशेब आलाच. माणूस तासभर बसून असला, तरी त्याच्या नावावर जेमतेम काही सेकंद लागत.

हा हिशेब नेमका कसा होतो, ते युनिक्समध्ये अगदी उघड्यावर दिसते. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७६मध्ये सहाव्या आवृत्तीच्या कोडवर ओळीओळीने भाष्य लिहिले; त्यात घड्याळाचा भागही आहे. ही आवृत्ती ज्या पीडीपी-११ संगणकावर धावे, त्याचे साधे घड्याळ विजेच्या लहरींवर चाले. अमेरिकेत सेकंदाला ६० ठोके. आपल्याकडच्या विजेवर ते ५०च पडले असते. ठोका पडला की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बघणार, आत्ता आत कोण आहे? प्रोग्राम स्वतःचे काम करत असेल तर 'यूझर'च्या खात्यात एक, कर्नलकडून काही करून घेत असेल तर 'सिस्टीम'च्या खात्यात एक. बस्स.

मुकादमाने फेरी मारावी, समोर दिसेल त्याचा पूर्ण दिवस भरावा, तसला हा कारभार. ठोक्याच्या क्षणभर आधी आलेल्याला अख्खा ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मधे राबून गेलेल्याला शून्य.

आणि दांडीबहाद्दर सगळीकडे असतातच. ठोका पडायच्या आत झोपी जायचे, पडून गेला की उठायचे, अशा युक्तीने साधा प्रोग्रामही प्रोसेसरचा मोठा वाटा लाटून वर हिशेबात जवळजवळ कोरा राहू शकतो, हे दान त्साफ्रीर, योआव एत्सिऑन आणि ड्रोर फाइटेल्सन यांनी २००७मध्ये शोधनिबंधात दाखवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिनक्स २.६.२३ आले. त्यातला नवा शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरची पाळी वाटणारा भाग, नॅनोसेकंदांत मोजू लागला. एकूण वेळ चोख झाली खरी. पण त्यातली यूझरची किती आणि सिस्टीमची किती, ही वाटणी नेहमीच्या व्यवस्थेत पुढेही ठोक्यांच्याच अंदाजाने होत राहिली.

कोण प्रोसेसरचा किती वाटा घेतो, त्या टक्क्यांची गोष्ट आणखी निराळी. विल्यम लफेव्हर यांनी १९८४मध्ये हे टक्के पडद्यावर दाखवणारा 'टॉप' हा प्रोग्राम लिहिला. आज लिनक्सवरचा टॉप मागच्या वेळी पडदा ताजा झाला तेव्हापासूनचा वाटा सांगतो, तर तसलाच 'पीएस' हा प्रोग्राम प्रोसेस सुरू झाल्यापासूनची सरासरी काढतो. रात्रभर पडून असलेली प्रोसेस सकाळी जोरात धावू लागली, तर टॉपमध्ये ९५ आणि पीएसमध्ये २ टक्के दिसू शकतात. दोघेही खरेच बोलतात. नव्या ऑपरेटरची मात्र भंबेरी उडते.

त्यात चार कोअर असले की टॉपमध्ये ४०० टक्के! एका कोअरला १०० धरायचे ही आयरिक्सची पद्धत, अख्ख्या यंत्राला १०० धरायचे ही सोलॅरिसची. सिलिकॉन ग्राफिक्सने आयरिक्स केव्हाच गुंडाळले, पण लिनक्सच्या टॉपमध्ये मोठा 'आय' दाबला की पडद्यावर आजही त्याचे नाव उमटते आणि ४००चे १०० होतात.