घटमालांची जोडणी, वाहनांतील

एंजिन सुरू करणे, दिवे लावणे इ. कामांसाठी वाहनात एकापेक्षा अधिक विद्युत् घटमाला (बॅटऱ्या) परस्परांस जोडण्याची पद्धती. एकसरी जोडणीत घटमालांच्या विद्युत् दाबांची बेरीज होते, तर अनेकसरी जोडणीत दाब तोच राहून धारणा वाढते. या दोहोंचा मेळ घालताना सर्व घटमालांवर सारखा भार ठेवणे, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

गॅस्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी लेप दिलेले पट्ट वापरून त्याची धारणा वाढविली. त्याच वर्षी ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिस येथे विजेवर चालणारी तीनचाकी गाडी चालविली. सुरुवातीच्या अनेक विद्युत् गाड्यांत घटांचे गट मंद गतीसाठी अनेकसरी व जलद गतीसाठी एकसरी जोडून वेगाचे नियंत्रण केले जाई.

पेट्रोल गाड्यांत हाताने हँडल फिरवून एंजिन सुरू करावे लागे. ते उलट फिरल्यास हात मोडण्याचा धोका असे. चार्ल्स एफ्. केटरिंग यांच्या विद्युत् प्रारंभकाने हा धोका दूर केला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीतील या योजनेत प्रारंभाच्या वेळी घटांचे चार गट एकसरी जोडले जाऊन २४ व्होल्ट दाब मिळे. एंजिन सुरू झाल्यावर तेच गट अनेकसरी जोडले जाऊन ६ व्होल्ट दाबावर त्यांचे भारण होई व दिव्यांना वीज मिळे. पुढे ही गुंतागुंत टाळून एकच ६ व्होल्टची घटमाला रूढ झाली. अधिक संपीडन गुणोत्तराच्या एंजिनांना ती अपुरी पडू लागल्याने १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन गाड्यांत १२ व्होल्ट पद्धती आली. दाब दुप्पट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो व त्याच तारेतील ऊर्जाव्यय एकचतुर्थांश होतो.

जड डीझेल वाहनांत १२ व्होल्टच्या दोन घटमाला एकसरी जोडून २४ व्होल्ट दाब मिळविण्याची पद्धती प्रचलित आहे. तीत १२ व्होल्टची साधने केवळ एकाच घटमालेवर जोडल्यास समतोल ढळतो. जनित्राचा दाब दोन्ही मिळून नियंत्रित होत असल्याने एक घटमाला अपुरी भारित राहते व तिच्या पट्टांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात. दुसरीचे अतिभारण होऊन तिच्यातील पाणी कमी होते व हायड्रोजन हा स्फोटक वायू बाहेर पडतो. अशा रीतीने दोन्ही घटमाला अकाली निकामी होतात. यावर उपाय म्हणून समकारक किंवा २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा परिवर्तक वापरतात. घटमाला एकाच प्रकारच्या, धारणेच्या व वयाच्या असाव्या लागतात.

अनेकसरी जोडणीत दाब समान असणे आवश्यक असते. अन्यथा एकीतून दुसरीत मोठा प्रवाह वाहतो. भाराची धन तार पहिल्या घटमालेस व ऋण तार शेवटच्या घटमालेस जोडल्यास जोडतारांचा रोध अधिक समप्रमाणात विभागला जातो. प्रत्येक शाखेत वितळतार बसविणे सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्ट असते.

२०१० मध्ये विक्रीस आलेल्या निसान लीफ या विद्युत् मोटारगाडीत १९२ लिथियम-आयन घट होते. दोन दोन घट अनेकसरी जोडून अशा ९६ जोड्या एकसरी जोडलेल्या होत्या. अशा संचात प्रत्येक जोडीच्या दाबावर इलेक्ट्रॉनीय यंत्रणा लक्ष ठेवते. दोन घटमालांच्या वाहनात तंत्रज्ञास मापकाने करावी लागणारी समतोलाची तपासणी येथे अखंड व आपोआप होते.