नदीच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिक आणि भिवंडी परिसरातील भात-भाजीपाला शेती

भिवंडी शहरालगत वाहत खाडीला मिळणाऱ्या कामवारी नदीच्या पट्ट्यात आपला पंप असेल, तर पाण्याबरोबर शेतात काय येते ते एकदा नीट पाहावे. 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणांना व तंतूंना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या 2004 च्या शोधनिबंधापासून ही संज्ञा रूढ झाली. किनाऱ्यावरच्या वाळू-चिखलात त्यांना बारीक कण व तंतू सापडले होते. पुढे 2016 मध्ये त्यांनी व इमोजेन नॅपर यांनी दाखवले, की 6 किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात 7 लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात.

आपल्याकडे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. महुआ साहा व सहकाऱ्यांनी साळ नदीच्या मुखाजवळचे पाणी, गाळ आणि मासे-शिंपले तपासले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक आढळले ते तंतूच. भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. पॉलिएस्टर व मिश्र सुताचे कापड विणताना उडणारे तंतू झाडून गटारात गेले, त्यात घराघरांतील धुण्याचे पाणी मिसळले, की पुढची वाट नदीचीच.

पिकात शिरते का?

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात गहू व लेट्यूसच्या बाजूच्या मुळ्या फुटतात त्या फटींतून 0.2 ते 2 मायक्रोमीटरचे कण आत गेल्याचे दिसले. कापडाचा तंतू साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे तो अख्खा मुळात शिरण्याजोगा नाही. पण उन्हाने व मशागतीने तो तुटत जातो, कुजत मात्र नाही, आणि एकदा मातीत मिसळला की वेचून काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. म्हणून सगळा भर येणारे प्लास्टिक बांधावरच अडवण्यावर द्यावा.

तरीही चालू हंगामातले नुकसान बहुधा क्षारांमुळे होते. रंगाई-धुलाईचे सांडपाणी आणि भरतीचे खारे पाणी यांमुळे पाण्यातील सोडियम वाढते. उन्हाळी भाजीपाला लावण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. विद्युत वाहकता 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर किंवा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट 2.5 च्या वर असेल, तर ते पाणी पालेभाज्यांना देऊ नये. नेहमीच्या माती-पाणी तपासणीत प्लास्टिक मोजले जात नाही. त्याचा ढोबळ अंदाज घरी घेता येतो. काचेच्या बाटलीत पाणी घेऊन फिल्टर पेपरमधून गाळावे, कागद झाकून वाळवावा आणि दहापट भिंगातून पाहावे. तापवलेली सुई जवळ नेल्यावर जो तंतू आक्रसतो किंवा वितळतो, तो बहुधा प्लास्टिकचा. कापडातून गाळू नये, कापडाचेच तंतू मिसळतात.

पाणी कुठून उचलावे

पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड (घनता सुमारे 1.38), तर पिशव्यांचे पॉलिथिन व गोण्यांचे पॉलिप्रोपिलीन हलके. त्यामुळे एक तळाशी बसते, दुसरे वर तरंगते. नदीतून थेट ठिबकला जोडण्यापेक्षा पाणी आधी टाकीत किंवा शेततळ्यात रात्रभर स्थिर ठेवावे. फुटव्हॉल्व्ह तळापासून किमान दीड फूट वर, पण पृष्ठभागाच्या बराच खाली ठेवावा. फार बारीक तंतू सावकाश बसतात, म्हणून पुढे वाळूचा फिल्टर हवाच. 120 मेशच्या डिस्क फिल्टरची छिद्रे सुमारे 130 मायक्रोमीटरची असतात. तंतू त्यातून उभे निसटतात. पालेभाज्यांवर असे पाणी तुषारने फवारू नये, सरीतून किंवा ठिबकने द्यावे.

फुकट मिळतो म्हणून नाल्याचा गाळ शेतात पसरू नये. सांडपाण्यातले तंतू शेवटी गाळातच साठतात. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेतानाही लक्ष हवे. खत नियंत्रण आदेशानुसार त्याचा किमान 90 टक्के भाग 4 मिलिमीटरच्या चाळणीतून जावा लागतो, म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक त्या चाळणीतून सहज पार होते. मूठभर खत पाण्यात ढवळून वर काय तरंगते ते पाहूनच गाडी उतरवून घ्यावी. मल्चिंगचा कागद फाटून चिंध्या होण्याआधी गोळा करावा. रोटाव्हेटर त्यावर फिरवल्यास आपणच शेतात सूक्ष्म प्लास्टिक तयार करतो.

फिल्टर उलट धुतल्यावर निघणारे पाणी पाटात सोडू नये. बांधाबाहेर छोटा खड्डा करून त्यात जिरू द्यावे आणि वर राहिलेला थर वाळल्यावर खरवडून सुक्या कचऱ्यात द्यावा. तो जाळू नये.