प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी लागणाऱ्या प्रकाशाची निवड, मांडणी आणि मोजमाप यांचा समावेश प्रकाशयोजनेत होतो. नुसते मासे असलेल्या टाकीत दिवा पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. प्रवाळांच्या टाकीत मात्र त्यावर प्रवाळांचे पोट चालते. म्हणून नवशिक्याने कोणते प्रवाळ पाळायचे ते आधी ठरवावे आणि त्यांच्या गरजेपुरता दिवा नंतर घ्यावा. दुकानात बहुधा उलटे घडते. टाकीबरोबर दिवा खपवला जातो आणि त्याखाली काय जगेल हा प्रश्न घरी आल्यावर पडतो.

प्रवाळ हा प्राणी असला तरी बहुतेक उथळ पाण्यातील प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. ह्यूगो फ्रॉयडेंथाल यांनी १९६२ मध्ये त्यांना सिंबायोडिनियम हे प्रजातिनाम दिले. पुढे त्यांच्यात अनेक प्रजाती असल्याचे स्पष्ट झाले. ही शैवाले प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. स्वच्छ, उथळ पाण्यातील काही प्रवाळांची ऊर्जेची गरज यातून ९० टक्क्यांपर्यंत भागते. बदल्यात शैवालांना आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नत्रयुक्त उत्सर्ग मिळतो. याला अपवाद म्हणजे ‘सन कोरल’ या नावाने विकला जाणारा नारिंगी ट्यूबॅस्ट्रिया. त्याच्यात ही शैवाले नसतात, त्यामुळे दिव्याचा खर्च नाही. पण त्याला हाताने वरचेवर भरवावे लागते. नावात सूर्य असलेला हा प्रवाळ सावलीतच राहतो आणि नवशिक्याच्या हाती सहसा उपाशी मरतो.

प्रकाश कमी पडला तर शैवाले आपले रंगद्रव्य वाढवतात, प्रवाळ तपकिरी दिसू लागतो, झोआंथिडसारख्या प्रवाळांच्या दांड्या लांबतात. हे सारे काही आठवड्यांत, दिसेल असे घडते आणि जागा बदलून सावरता येते. प्रकाश जास्त झाला तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, ऊतींत घातक ऑक्सिजन-संयुगे साठतात आणि प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो. हे विरंजन दोन-चार दिवसांतही होऊ शकते. मग पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला वाचवणे अवघड जाते. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. अंदाज चुकायचाच असेल तर तो कमी प्रकाशाच्या बाजूला चुकलेला बरा.

समुद्रातील प्रकाश : पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोहोचतो तो सुमारे ४५० ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश. झूझँथेलींची रंगद्रव्ये (हरितद्रव्य ‘अ’, हरितद्रव्य ‘क’ आणि पेरिडिनिन) याच पट्ट्यात आणि त्याच्या आसपास जोमाने काम करतात. प्रवाळांच्या टाक्यांतील निळेपणा त्यामुळे निव्वळ शोभेचा नाही.

मात्र प्रवाळ किती खोलीवरचा आहे, एवढ्यावरून त्याची प्रकाशाची गरज ठरवता येत नाही. मालवणच्या किनाऱ्याजवळचे प्रवाळ अगदी उथळ पाण्यात असतात, पण पावसाळ्यात आणि नंतरही ते पाणी गाळाने गढूळ असते. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला असलेल्या आंग्रिया बँकेचा माथाच पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरवर आहे. तरीही पाणी नितळ असल्याने तिथे प्रवाळांची भरघोस वाढ आहे. कोकणातील हीच दोन उदाहरणे पाहिली तरी पाण्याची पारदर्शकता धरल्याशिवाय खोलीच्या आकड्याला अर्थ नाही हे कळते. टाकीतही तेच. पिवळट पडलेले पाणी, काचेच्या झाकणावरचा मिठाचा थर आणि लेन्सवरची धूळ एकत्र आली की चांगल्या दिव्याचाही बराच प्रकाश वाया जातो.

मोजमाप : दिव्याच्या खोक्यावर वॅट, ल्यूमेन आणि केल्विन हे आकडे ठळक छापलेले असतात. प्रवाळाच्या दृष्टीने तिन्ही अपुरे आहेत. वॅट म्हणजे वीज किती खर्च झाली. ल्यूमेन आणि लक्स ही मापे मानवी डोळ्यावर बेतलेली आहेत. डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्याने निळ्या एलईडीखाली लक्समापक फारच कमी आकडा दाखवतो. तो पाहून दिवा वाढवला की प्रवाळ भाजलेच. केल्विनमधले रंगतापमान (६,५०० म्हणजे दिवसाचा उजेड, १४,००० ते २०,००० म्हणजे निळसर) रंगाची छटा सांगते, प्रमाण सांगत नाही.

उपयोगी माप म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशसंश्लेषणक्षम प्रारण, शौकिनांच्या बोलीत ‘पार’. ते दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणाऱ्या फोटॉनांच्या मायक्रोमोलमध्ये मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर ते २,००० च्या आसपास असते. टाकीत एवढ्याची गरज नसते. मशरूम, झोआंथिड, लेदर अशा सॉफ्ट कोरलांना ५० ते १५० पुरते. टॉर्च, हॅमर यांसारखे मोठ्या पॉलिपांचे दगडी प्रवाळ, म्हणजे एलपीएस, साधारण ७५ ते १५० मध्ये रमतात. अॅक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या एसपीएस प्रवाळांना २०० ते ३५० किंवा अधिक लागते. हे आकडे शौकिनांच्या अनुभवातून रुळलेले आहेत, निसर्गनियम म्हणून धरू नयेत. पूर्वीच्या मालकाकडे प्रवाळाचा तो तुकडा (‘फ्रॅग’) किती प्रकाशात वाढला, हे यांहून जास्त कामाचे असते. पारमापक महाग असतो आणि वर्षातून दोनदाच लागतो, म्हणून विकत घेण्यापेक्षा ओळखीत उसना मागावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी अॅप्स गडद निळ्या प्रकाशात भरवशाची नाहीत.

प्रकाशाची तीव्रता आणि कालावधी यांचा गुणाकारही पाहावा लागतो. १०० मायक्रोमोल दहा तास दिले तर दिवसाची बेरीज ३.६ मोल होते. १५० मायक्रोमोलला तेवढ्यासाठी सहा तास चाळीस मिनिटे पुरतात. पण ठरावीक तीव्रतेनंतर प्रकाशसंश्लेषण वाढत नाही, म्हणून मंद दिवा जास्त वेळ ठेवणे हे प्रखर दिवा थोडा वेळ ठेवण्यापेक्षा सुरक्षित. आठ ते दहा तासांचा टायमर बहुतेकांना पुरतो.

दिव्यांचे प्रकार : सर्वांत जुना दिवा अर्थातच सूर्य. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली : जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि थेट ऊन, एवढ्यावर ते टाकीत प्रवाळ जगवत होते. पुढे थंड देशांत मेटल हॅलाइड दिवे रूढ झाले. १५० ते ४०० वॅटचे हे दिवे प्रखर, लहरींची नाचरी झळाळी पाडणारे आणि भयंकर तापणारे. टी-५ ट्यूब एकसमान, सावल्या न पाडणारा प्रकाश देतात, पण दर वर्षा-दीड वर्षाने बदलाव्या लागतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रखर निळा एलईडी तयार झाला (त्याच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले) आणि पुढील दोन दशकांत त्याने बाकीच्यांना मागे सारले. एलईडीची उणीव अशी की तो बिंदूतून प्रकाश देतो. फांद्यांच्या प्रवाळांच्या खालच्या अंगाला गडद सावली पडते. डिफ्यूझर लावून किंवा एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान लावून ती सौम्य होते.

एलईडीच्या निळ्या प्रकाशात प्रवाळ हिरवे-केशरी चमकतात ते त्यांच्यातील प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे तांबडे प्रथिन डीएसरेड याची माहिती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ते मिळाले डिस्कोसोमामध्ये, म्हणजे नवशिक्यांना हमखास दिल्या जाणाऱ्या मशरूम कोरलमध्ये. पण चमक म्हणजे प्रकृती नव्हे. निव्वळ निळ्या दिव्यात आजारी प्रवाळही झगझगीत दिसतो. रोज थोडा वेळ पांढरा प्रकाश लावून त्याचा खरा रंग पाहावा.

पहिली टाकी : ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घेतली तर खडक-वाळू वगळून तिच्यात १०० लिटरच्या आसपास पाणी मावते. सॉफ्ट कोरलसाठी तिला ५० वॅटच्या आसपासचा, निळ्या आणि पांढऱ्या वाहिन्या वेगळ्या नियंत्रित होणारा एक एलईडी पुरतो. तो पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगावा. मध्यभागी खडकाच्या माथ्यावर सर्वाधिक प्रकाश असतो. त्याच खोलीवर कोपऱ्यांत त्याच्या निम्म्याहूनही कमी भरू शकतो. ही विषमता उपयोगाची आहे. मशरूम वाळूजवळ कडेला, झोआंथिड मधल्या उतारावर, लेदर थोडा वर. मशरूमची कड आत वळून ते आक्रसले तर प्रकाश जास्त आहे. ते पसरट होऊन दिव्याकडे कपासारखे उभे राहू लागले तर कमी. लेदर काही दिवस मिटून मेणचट साय टाकतो, तेव्हा मात्र दिव्याला हात लावू नये. ती त्याची नेहमीची कात आहे.

नवा दिवा पूर्ण क्षमतेने कधीच लावू नये. ठरवलेल्या तीव्रतेच्या निम्म्याहून खाली सुरुवात करून चार-सहा आठवड्यांत चढवावा. जुन्या ट्यूब बदलतानाही हेच पाळावे. खडकावर शैवाल माजले तर सगळा दोष दिव्याला देण्याआधी पाण्यातील नायट्रेट-फॉस्फेट तपासावे. रात्रीच्या ‘चांदण्या’च्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१३ मध्ये चंद्रकला आणि ऋतुमान यांची नक्कल करून प्रवाळांचे अंडविमोचन घडवण्यात आले, हे खरे. पण तिथे नक्कल वर्षभराच्या चक्राची होती.

महाराष्ट्रात खरी अडचण उष्णतेची. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, आणि मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते. हॅलाइड घेतला तर चिलर आलाच, आणि विजेचे बिल दुप्पट-तिप्पट. एलईडीखाली पंख्याच्या वाऱ्यावर काही प्रमाणात भागते, पण मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्याने पंखाही फारसा थंडावा देत नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पाण्याचा पंप ठेवावा, दिवा नाही. एखादा दिवस अंधारात गेला तरी प्रवाळाचे बिघडत नाही. पाण्यातला प्राणवायू घटला तर काही तासांत सगळी टाकी जाते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारातही दगडी प्रवाळ साइटीज कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने परवान्याविना येऊ शकत नाहीत. मशरूम आणि झोआंथिड या दोन्ही याद्यांत नाहीत, आणि त्यांना १५० मायक्रोमोलहून जास्त प्रकाश लागतही नाही.