ख्रिस्ती कोणास म्हणावे?

ज्युबिलीच्या या मंगलप्रसंगी ज्या पूर्वजांनी आपले हे प्रार्थनामंदिर उभारले त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे जसे आपले कर्तव्य आहे, तसेच ज्या श्रद्धेस्तव त्यांनी ते उभारले त्या श्रद्धेचे स्वरूप पुन्हा एकवार नीट समजून घेणे हेही आपले कर्तव्य होय. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एक जुनाच प्रश्न वाचकांपुढे मांडीत आहोत: ख्रिस्ती कोणास म्हणावे?

प्रश्न वरवर पाहता बालबोध वाटतो. जो ख्रिस्ताला मानतो तो ख्रिस्ती, असे कोणीही सहज उत्तर देईल. परंतु ख्रिस्ताला मानणे म्हणजे त्यास नेमके काय मानणे? त्यास थोर गुरू मानणारे पुष्कळ आहेत, संदेष्टा मानणारेही आहेत. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनास येऊन भक्तिभावाने मेणबत्ती लावणारे अन्यधर्मीय बांधव थोडे नाहीत. त्यांच्या भक्तीचा आम्ही आदर करतो. तथापि ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत नाहीत व आपणही त्यांस तसे म्हणत नाही. उलटपक्षी, जे स्वतःस आग्रहाने ख्रिस्ती म्हणवितात, परंतु ज्यांचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभा खरा मानीत नाही, असेही पंथ आहेत. दारी पुस्तके घेऊन येणाऱ्या उपदेशकास काय उत्तर द्यावे, अन्य ख्रिस्ती पंथातील सून घरी आली असता तिला पुन्हा बाप्तिस्मा द्यावा की न द्यावा, असे प्रश्न आपल्या कुटुंबांतून उद्भवतात. त्यांचा निर्णय आपल्या मर्जीवर सोपविलेला नाही. तो ख्रिस्तसभेने फार पूर्वी, मोठ्या वादंतून आणि दुःखातून केलेला आहे.

हा वाद प्रथम तिसऱ्या शतकात पेटला. रोम येथे नोव्हेशियन नामक धर्मगुरूने इ. स. २५१ मध्ये वेगळी चूल मांडली व आपल्या अनुयायांस तो स्वतः बाप्तिस्मा देऊ लागला. पुढे त्यांपैकी काही जण ख्रिस्तसभेकडे परत येऊ लागले, तेव्हा त्यांस पुन्हा बाप्तिस्मा द्यावा काय, असा पेच पडला. आफ्रिकेतील कार्थेज नगरीचे बिशप संत सिप्रियन म्हणाले, द्यावा. कारण जे स्वतःजवळ नाही ते कोणी दुसऱ्यास देऊ शकत नाही, आणि ख्रिस्तसभेबाहेर पवित्र आत्मा नाही. इ. स. २५६ मध्ये कार्थेज येथे जमलेल्या ८७ बिशपांनी त्यांच्या मतास दुजोरा दिला. रोमचे पोप संत स्टीफन यांनी मात्र परंपरेचा आधार घेऊन सांगितले की, नवीन काही करू नये. परतणाऱ्यांवर केवळ हात ठेवून त्यांस सामावून घ्यावे. वाद मिटण्यापूर्वीच स्टीफन इ. स. २५७ मध्ये निवर्तले, आणि पुढील वर्षी सिप्रियन यांनी ख्रिस्तासाठी आपले मस्तक दिले. ज्या दोघांचे या प्रश्नावर जमले नाही, त्या दोघांसही ख्रिस्तसभा आज संत म्हणून वंदन करते, ही गोष्ट वादप्रिय मनुष्याने ध्यानात धरण्याजोगी आहे.

निर्णय झाला तो इ. स. ३१४ मध्ये, आर्ल येथील धर्मपरिषदेत. त्या परिषदेने एक साधी कसोटी ठरवून दिली. पाखंडी पंथातून कोणी आल्यास त्याला त्याचा विश्वासांगीकार विचारावा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा झाला आहे असे दिसून आले, तर त्याच्यावर केवळ हात ठेवावेत. त्रैक्याविषयी त्यास उत्तर देता आले नाही, तर त्यास बाप्तिस्मा द्यावा. ‘तू कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतलास?’ असे त्यास विचारलेले नाही, तर ‘कोणाच्या नावाने घेतलास?’ असे विचारले आहे. देणारा हात मलिन असला तरी दान ख्रिस्ताचे आहे, हे तत्त्व येथे स्थिर झाले. संत ऑगस्टिन यांनी पुढे डोनाटिस्ट पंथाविरुद्ध त्याचेच विस्ताराने मंडन केले.

परंतु नाव उच्चारले म्हणजे अर्थही मान्य झाला, असे थोडेच आहे? आर्लनंतर थोड्याच वर्षांत अलेक्झांड्रिया नगरीत एरियस नामक धर्मगुरू शिकवू लागला की, पुत्र हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ खरा, परंतु तोही निर्माण केलेलाच. तो नव्हता असाही एक काळ होता. मनुष्य चतुर होता. खलाशांनी, जात्यावर दळणाऱ्यांनी आणि वाटसरूंनी म्हणावीत अशी गीते रचून त्याने आपले मत लोकांच्या तोंडी बसविले, असे एका प्राचीन इतिहासकाराने नमूद केले आहे. तो ‘पिता’ आणि ‘पुत्र’ हे शब्द टाकीत नव्हता, तर शब्द ठेवून अर्थ काढून घेत होता.

या मताचा विचार करण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांस पाचारण केले. तुर्कस्तानातील हल्लीचे इझनिक ते हेच. पोप सिल्वेस्टर यांनी आपले प्रतिनिधी म्हणून दोन धर्मगुरू धाडले. परिषदेने ठरविले की, पुत्र हा निर्मिलेला नसून पित्यापासून जन्मलेला आहे व पित्याशी एकतत्त्व आहे. ‘एकतत्त्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द पवित्र शास्त्रात नाही म्हणून काहींनी कुरकुर केली. परंतु शास्त्रातील प्रत्येक शब्द एरियसचे अनुयायी आपल्या अर्थाने वळवीत होते. ज्याला पळवाट नाही असा एक शब्द हवा होता, तो हा ठरला. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीची श्रद्धाही स्पष्ट झाली आणि ज्यास आपले वाडवडील लॅटिन भाषेत ‘क्रेदो’ म्हणत, तो रविवारच्या मिस्सातील विश्वासांगीकार पूर्ण रूपास आला. हीच श्रद्धा फादर थॉमस स्टीफन्स यांनी इ. स. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात मराठी ओवीच्या द्वारे आपल्या लोकांच्या कानी घातली.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. संत अथानेशियस यांनी याचे उत्तर दिले आहे. पुत्र जर स्वतः निर्मित असेल तर तो आपणांस देवाशी जोडू शकणार नाही, कारण निर्मिताने निर्मितास तारणे शक्य नाही. आणि निर्मिताची आराधना करणे ही तर मूर्तिपूजाच ठरेल. अर्थात् वाद शब्दाचा नव्हता, आपल्या तारणाचा होता. या एका सत्यासाठी अथानेशियस यांनी पाच वेळा हद्दपारी सोसली व आपल्या ४५ वर्षांच्या बिशपपदापैकी सुमारे १७ वर्षे परागंदा अवस्थेत काढली.

आता एक मोठी मौजेची गोष्ट पाहा. एरियसचे मत पाखंड ठरले, तरी त्या मताच्या गॉथ लोकांनी घेतलेला बाप्तिस्मा पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने रद्द केला नाही. इ. स. ५८९ मध्ये टोलेडोच्या परिषदेत स्पेनचा राजा रेकारेद व त्याची प्रजा कॅथलिक श्रद्धेत आली, तेव्हा त्यांस दुसरा बाप्तिस्मा द्यावा लागला नाही. थोरले पोप ग्रेगरी यांनीही आपल्या एका पत्रात हाच रिवाज सांगितला आहे. देणाऱ्याच्या समजुतीत दोष असला, तरी ख्रिस्ताने स्थापिलेला बाप्तिस्मा देण्याचा त्याचा हेतू असेल तर संस्कार खरा होतो. इ. स. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने हेच तत्त्व पुन्हा घोषित केले.

मग मर्यादा कोठे आहे? तीही आहे. इ. स. १८३० मध्ये अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने स्थापिलेला मॉर्मन पंथ पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीच नावे घेऊन बाप्तिस्मा देतो. तरीही इ. स. २००१ मध्ये रोमने तो बाप्तिस्मा खरा नाही असा निर्णय दिला. कारण त्या पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे ते तीन वेगळे देव ठरतात आणि खुद्द बाप्तिस्म्याचा उगमही ते ख्रिस्तापासून मानीत नाहीत. अर्थ इतका पालटला की तेच शब्द राहूनही ते नाव उरले नाही. या पंथातील माणसे सदाचारी नाहीत असा मात्र त्याचा अर्थ कोणी करू नये. निर्णय संस्काराचा आहे, माणसाच्या योग्यतेचा नव्हे.

आणखी एक शंका राहते. ज्याचे अंतःकरण ख्रिस्ताकडे लागले, परंतु ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही, त्याचे काय? आपल्या महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक यांनी इ. स. १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात स्थान दिले. अशा आत्म्यांस ख्रिस्तसभा झिडकारीत नाही. इ. स. ३९२ मध्ये तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा धरूनच मरण पावला, तेव्हा संत अँब्रोज यांनी त्या इच्छेवरच भरवसा ठेवून शोक करणाऱ्यांचे सांत्वन केले. तथापि इच्छा ही दाराकडे नेणारी वाट आहे. दार बाप्तिस्माच होय.

सारांश, त्रैक्यस्वरूप एका देवावर आणि मनुष्य झालेल्या देवपुत्रावर श्रद्धा, व त्या नावाने घेतलेला बाप्तिस्मा, या दोहोंनी मनुष्य ख्रिस्ती होतो. जागतिक चर्च परिषदेने इ. स. १९६१ मध्ये आपल्याच देशात, नवी दिल्ली येथे, आपल्या घटनेच्या पायात त्रैक्याचा उच्चार घातला. आणि इ. स. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले की, कॅथलिक नसलेले परंतु खरा बाप्तिस्मा घेतलेले जन ख्रिस्ती या नावास पात्र आहेत व ते आपले बंधू होत. जरी त्यांचे आपले ऐक्य अद्यापि अपूर्ण आहे.

तेव्हा, प्रिय धर्मबांधवहो, अन्य पंथातील सून आपल्या घरी येऊन कॅथलिक होऊ इच्छीत असेल व तिचा बाप्तिस्मा खरा असेल, तर तिला पुन्हा पाणी घालण्याचा आग्रह धरू नका. ती बहीण होऊनच आली आहे. दारी आलेल्या उपदेशकाशी सौजन्याने बोला, परंतु ‘पुत्र’ या शब्दाचा अर्थ त्यास अवश्य विचारा. आणि येत्या रविवारी विश्वासांगीकार म्हणताना जीभ घाईने पुढे धावू देऊ नका. ज्या शब्दांसाठी संतांनी देशत्याग केला ते शब्द सावकाश व समजून उच्चारणे, हीच आपल्या पूर्वजांस या ज्युबिलीत वाहिलेली उत्तम आदरांजली ठरेल. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्य परमेश्वराचा आशीर्वाद आपल्या सर्व कुटुंबांवर राहो.