मराठी मंडळीची गाणी

उपासनेत गिटार आणि ड्रम आले आणि भजन मागं पडलं, अशी हळहळ मराठी ख्रिस्ती घरांतली वडीलधारी माणसं व्यक्त करतात. तिच्यात तथ्य आहे. पण ज्या भजनासाठी ही हळहळ, तेही चर्चमध्ये आपसूक आलेलं नाही. त्याला बराच काळ लागला, आणि ते आणणारी माणसं आपापल्या काळात नवखीच होती.

या गोष्टीची सुरुवात गोव्यात, एका मागणीपासून होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात पोचले आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, तिथंच राहिले. त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक श्रोता विचारतो, की जुनी पुराणं आम्हाला बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्या लिहून उत्तर दिलं. 1616 साली हे पुराण राशोलला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नसल्यानं अक्षरं रोमन, पण वृत्त ओवीचं आणि भाषा मराठी. लोक ते चर्चमध्ये गाऊन वाचत. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि हा प्रवाह गोव्यात आटत गेला.

‘क्रिस्तपुराणा’नंतर दोन शतकांनी घाटावर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आलं आणि 1831 साली अहमदनगरला त्याचं ठाणं पडलं. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत गीतं रचली, भाषांतरं केली. कष्ट खरे होते, अडचण चालीत होती. इंग्रजी स्तोत्राची चाल आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घावर. परक्या चालीत मराठी शब्द बसवला, की कुठं ‘प्रभू’चा ‘प्र’ ताणला जाई, तर कुठं शब्द मधोमध तुटे. शिवाय स्तोत्र पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत पुस्तकात बघून म्हणायचं असतं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून मंडळीत आलेल्या बहुतेकांना वाचताच येत नव्हतं. भजनात ही अडचण नाही. पुढारी ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, ध्रुवपद फिरून फिरून येतं, आणि ज्याला अक्षरओळख नाही तोही तिसऱ्या फेरीला गळा मोकळा करून गात असतो.

हे नेमकं ओळखलं ते इथल्याच माणसांनी. नगरच्या कृष्णरत्न सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात गीतं तर लिहिलीच, पण कीर्तनाचा थाट उचलून त्यात बायबलमधली आख्यानंही लावली.

मग आले नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा चित्पावन कवी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याचं वय होतं तेहतीस. घर फुटलं, पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा वाचलेल्यांना ते सगळं ठाऊक आहे. टिळकांनी धर्म बदलला, पण कान बदलला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्या रचनांत ख्रिस्त माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो, सखा होऊन येतो. नगरच्या मंडळीला यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतं. वारकऱ्यांच्या शेजारात वाढलेलीच ती माणसं. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आजही मोठा वाटा टिळकांचाच आहे.

तरुणांशी टिळकांचं वागणंही इथं सांगायला हवं. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे त्यांच्या नजरेत भरला. पुढं हा ‘बालकवी’ नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. त्यानं ख्रिस्ती व्हावं, अशी अट कुणी घातली नाही. त्याच मोकळेपणानं 1917 साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ मांडला. त्याचं दार बाप्तिस्मा घेतलेल्यांना उघडं होतं, तसंच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार मोडला. मराठी चर्चचं त्यात झालेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

कॅथलिकांकडे उपासना मराठीत येण्याचा बदल उशिरा झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 साली उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, आणि वसईच्या धर्मग्रामांत लॅटिनची जागा मराठी मिस्सा घेऊ लागली.

आज तरुणांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांचं कूळ मात्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपेलनं 1960च्या दशकाअखेर हिप्पी पोरांना त्यांच्या गिटारसकट आत घेतलं. त्यातून 1971 साली ‘मॅरानाथा म्युझिक’ निघालं. पुढं सिडनीच्या हिलसाँग चर्चची गाणी जगभर गेली, आधी कॅसेटवरून, मग यूट्यूबवरून. नगर, पुणे, मुंबईचे तरुण संघ ती इंग्रजीत गातात, त्या वळणाची हिंदी गाणी गातात. त्यांत ‘मी’ आणि ‘तू’ असतो, भीती, एकटेपणा, क्षमा असते. वर्शिप लीडर ओळ धरतो, बाकीचे तीच ओळ पुन्हा पुन्हा आळवतात. भजन ऐकलेल्याला ही रीत अनोळखी नाही. नोकरीच्या काळजीनं झोप उडालेला मुलगा त्या गाण्यात डोळे मिटतो, तेव्हा त्याची श्रद्धा उथळ आहे असं म्हणणं अन्यायाचं आहे.

कमी पडतं ते एवढंच, की हे सारं तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भाषेत म्हणतो. सांगळे-टिळकांनी आपल्या पिढीचं दुखणं आपल्या बोलीत देवापुढं मांडलं. आजच्या पिढीनं टिळकांचीच गीतं म्हणावीत हा आग्रह नको, पण तिनं स्वतःची मराठी गीतं लिहावीत हा आग्रह जरूर धरावा. वाद्यांचं भांडण यात लटकं आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. गिटारवाल्याच्या चार-चारच्या मोजणीत तो सहज बसतो. दादऱ्यातल्या गीताला सहाची मोजणी चालते. अवघड जाते ती मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कारण कीबोर्डच्या पट्ट्यांवर ती निघत नाही. ती गळ्यानंच घ्यावी लागते, आणि गळ्यावर चढण्याआधी कानावर पडावी लागते.

टिळकांचे शब्द छापलेले आहेत, ते कुठं जात नाहीत. चाली मात्र कानोकानी आल्या आहेत आणि त्या नीट ठाऊक असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तरुण संघांनी त्यांच्याकडे पेटी घेऊन बसावं, एकेक गीत त्यांच्या गळ्यातून फोनवर उतरवून घ्यावं. हे काम पुढच्या नाताळापर्यंत लांबवण्यासारखं नाही.