कापूस, कॉफी आणि एक दुबळा बंध

दिवाळीत असोद्याला मामांकडे गेलो होतो. असोदा म्हणजे जळगावच्या अगदी जवळचं, बहिणाबाईंचं माहेर आणि भरताच्या वांग्यांचं गाव. बांधावर बसून कपाशीचं बोंड पिंजत होतो, तर मामा म्हणाले, "काय पाहून राहिला रे भाऊ?" म्हटलं, हा धागा आतून कशानं धरून राहतो ते. मामा हसले. पण पुण्याला परतल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. दोन वीकांत त्यातच गेले, आणि हाती लागली एका जुन्या भांडणाची गोष्ट.

हायड्रोजन बंध आपण शाळेत शिकलोय. ऑक्सिजनला किंवा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. कार्बनला जोडलेला हायड्रोजन मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात, असंच बहुतेकांचं मत होतं.

१९६२ साली लंडनच्या बर्कबेक कॉलेजात काम करणाऱ्या जून सुटर या न्यूझीलंडच्या बाईंनी 'नेचर'मध्ये वेगळंच लिहिलं. कॅफीनच्या स्फटिकाची रचना त्यांनी १९५८ सालीच प्रसिद्ध केली होती. आता बऱ्याच रचना तपासून त्या म्हणाल्या, कार्बनवरचा हायड्रोजन काही ठिकाणी ऑक्सिजनच्या नुसत्या शेजारापेक्षा जास्त जवळ आहे, म्हणजे हाही बंधच.

१९६८ मध्ये जेरी डोनोह्यू यांनी हे म्हणणं साफ उडवून लावलं. हे डोनोह्यू म्हणजे साधी असामी नव्हे! १९५३ मध्ये डीएनएच्या घटकांची योग्य रूपं वॉटसन-क्रिक यांना सांगणारे तेच. त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि विषय थंडावला. सुटरबाई पुढे मूतखड्यांच्या रचनेवर काम करत राहिल्या.

पण शंका अगदीच खोटी होती का? नाही. क्ष-किरणांना दिसतात इलेक्ट्रॉन, आणि हायड्रोजनकडे तो एकच, तोही कार्बनकडे ओढलेला. त्यामुळे खरं १.०८ अँगस्ट्रॉमचं अंतर ०.९५ च्या आसपास दिसतं. त्यात 'एवढ्यापेक्षा जवळ तर बंध' ही सीमारेषा कुठे आखायची? आम्ही प्रोग्रामर हे रोज करतो. अटीतला आकडा थोडा हलवला की उत्तर उलटं!

यातून वाट निघाली १९८२ साली. रॉबिन टेलर आणि ओल्गा केनार्ड यांनी केंब्रिजच्या विदागारातल्या ११३ रचना घेतल्या, सगळ्या न्यूट्रॉन वापरून काढलेल्या. न्यूट्रॉनला हायड्रोजनचं केंद्रकच दिसतं. आणि त्यांनी प्रश्नच बदलला. 'हा एक बंध आहे का?' असं न विचारता 'हे हायड्रोजन एकूणात कुणाकडे तोंड करून बसतात?' असं विचारलं. उत्तर ठाम होतं: कार्बन-हायड्रोजनपेक्षा ऑक्सिजनकडेच. सुटरबाई बरोबर होत्या. १९९० साली त्या वारल्या. म्हणजे हे त्यांच्या हयातीत झालं, एवढंच समाधान.

पुढचं बरंच काम आपल्याकडे झालं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधून १९७२ साली बी.एस्सी. झालेले गौतम देसिराजू यांनी हैदराबादेत हे दुबळे बंध वापरून स्फटिक कसे घडवायचे याचा पिच्छा पुरवला. थॉमस स्टायनर यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९९९ चं. २०११ साली हायड्रोजन बंधाची नवी आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली, बंगळूरच्या ई. अरुणन यांच्या पुढाकाराने. तिच्यात कार्बनवाल्यालाही जागा मिळाली. नुसतं अंतर नाही, तर कोन, वर्णपट असे अनेक पुरावे एकत्र बघायचे, हा तिचा गाभा.

आणि आमचा कापूस? त्यातल्या सेल्युलोजच्या मुख्य प्रकाराची रचना २००२ साली क्ष-किरण आणि न्यूट्रॉन दोन्ही वापरून बारकाईने मांडली गेली. सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना ऑक्सिजनवाल्या दणकट बंधांनी जोडून पापुद्रे होतात. पण पापुद्र्या-पापुद्र्यांमध्ये तसा बंध सापडला नाही. तिथे आहेत ते हेच कार्बनवाले दुबळे बंध, आणि पाण्यापासून दूर राहणाऱ्या भागांची जवळीक. एकेक किरकोळ, पण असंख्य.

मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "मंग भाव वाढीन का?"

असो.